कानशीचे दोन हात

आमच्या भाऊजींना खुपलेलं सहन होत नाही. माणसाचं बोलणं खुपलं तर ते मुकाट गिळतात, पण वस्तू खुपली की संपलं. आमच्या घरात एकाही चमच्याची कड बोटाला लागत नाही, एकही कडी चिमटा काढत नाही. मी लग्न होऊन आले त्याच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या पेटीचं कुलूप त्यांनी उघडलं, घासलं, तेल घालून परत लावलं, आणि सांगायचं मात्र राहून गेलं. मी आपली घाबरीघुबरी, पेटीला हात कुणी लावला म्हणून. जाऊबाई म्हणाल्या, अगं, ते कुलूप चार दिवस त्यांच्या डोळ्यांत सलत होतं. तेव्हा मी हसले होते. करून टाकायचं आणि सांगायचं नाही, ही खोड पुढे कुणाचं तरी हाड मोडेल असं तेव्हा कुणाच्या मनात येणार?

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. कारखान्यात त्यांचं नाव कानसबुवा, कारण खिशात पेन असो नसो, लोखंड घासायची गोल कानस असायचीच. आमचा कारखाना दवाखान्यांचं सामान बनवतो. खाटा, स्टुलं, चाकाच्या खुर्च्या. नवी वस्तू यंत्रावर चढण्याआधी तिचे पहिले नग हाताने बनवावे लागतात, आणि ते चौतीस वर्षं भाऊजींनी बनवले. माझा नवरा गेला त्या वर्षी त्यांनीच शब्द टाकून मला शेजारच्या चाचणीच्या खोलीत लावलं. ते बनवायचे आणि मी मोडायचे. थोरल्या दिराच्या वस्तू मोडायचा पगार घेणारी भावजय दुसरी कुठे असेल तर मला दाखवा.

पूर्वी रीत साधी होती. ड्रॉइंगमधलं काही जुळलं नाही की भाऊजी ते आधी कानशीने जुळवायचे, मग तो नग फडक्यात धरून आवार ओलांडायचे. पलीकडे जुने ड्राफ्ट्समन बसायचे. भाऊजी त्यांचा अंगठा धरून त्या जागेवरून फिरवायचे, आणि म्हातारा लाल पेन्सिलीने तिथल्या तिथे ड्रॉइंग सुधारायचा. दोघांच्या तोंडून ब्र नाही. घासणं आणि पलीकडे जाणं, दोन्ही मिळून ते एक काम होतं.

मग बाजारात हलका, स्वस्त माल आला. आमच्या खाटा गोदामात पडून राहायला लागल्या, तेव्हा मालकीणबाईंनी नवा साहेब आणला. त्याच्या दारावर पाटी लागली, 'नवीन उत्पादन विकास'. त्याने भिंतभर एक तक्ता लावला. एका टोकाला कल्पना, दुसऱ्या टोकाला बाजार, मध्ये पाच दरवाजे. प्रत्येक दरवाजाला सह्या, प्रत्येक दरवाजाला तारीख. आम्ही त्याला दरवाजेसाहेब म्हणायला लागलो. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. आधी आमच्याकडे नवी वस्तू कधी पुरी होणार हे देवालाही ठाऊक नसायचं, तक्त्यामुळे निदान तारीख तरी कळायला लागली. पण जुने ड्राफ्ट्समन निवृत्त झाले, ड्रॉइंगचं खातं दोन तासांवरच्या नव्या कचेरीत गेलं, आणि एक रेघ बदलायची तर सात सह्यांचा फॉर्म आला.

भाऊजींनी तो फॉर्म एकदा भरला, एका स्टुलाच्या पायासाठी. 'बदलाचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, बोटाला खुपते. तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. वर शेरा होता की खुपणे हे माप नाही, कृपया मिलिमीटरमध्ये लिहावे. सगळ्या खोलीने तो वाचला, हसायचे ते हसले. भाऊजींनी फॉर्मची नीट घडी घातली आणि पुन्हा कधी भरला नाही. पलीकडे कळवणं त्या दिवशी बंद झालं. घासणं मात्र चालूच राहिलं, आणि त्यात काही चुकतंय असं ना त्यांना वाटलं ना मला.

अशात वॉकरचं काम आलं. म्हाताऱ्या माणसाला एका हाताने उघडता-मिटता येईल असा, वजनाला निम्मा. खरंच छान कल्पना होती. ती ड्रॉइंगवालीची, म्हणजे नव्या कचेरीतल्या तिशीच्या इंजिनिअर बाईंची. तिची ही पहिलीच स्वतंत्र वस्तू. वॉकरची बाजू उघडली की आतली स्प्रिंगची खीळ समोरच्या पट्टीच्या भोकात पडायची आणि टक असा आवाज यायचा. टक झालं म्हणजे बाजू पक्की, आता टाका भार. सगळा वॉकर त्या एका खिळीवर उभा होता, आणि त्या वर्षी वॉकरवर सगळा कारखाना.

पहिला नग जोडला तेव्हाच भाऊजींना कळलं. भोकाची कड ड्रॉइंगमध्ये सरळ होती, धारदार. खीळ कधीकधी त्या कडेवरच टेकायची. टक व्हायचं, पण खीळ अर्धीच आत. भाऊजींनी गोल कानस काढली, भोकाच्या तोंडाला दोन हात मारले आणि जरासा उतार दिला. खीळ घसरून पुरती आत बसली. मग बाराही नमुन्यांना तसेच दोन-दोन हात. तेरावा त्यांनी उरलेल्या नळ्यांतून जाऊबाईंसाठी केला, साहेबांना विचारून, कारण जाऊबाईंचे गुडघे पार गेलेले. माझ्या यंत्राने ते बारा नग शंभर किलोचा भार टाकून पन्नास-पन्नास हजार वेळा उघडले आणि मिटले. एकही हलला नाही. मी कागदावर 'पास' लिहून सही ठोकली, आणि घरी येऊन भाऊजींना म्हटलं, अशा वस्तू करत राहिलात तर माझी नोकरी जायची. ते संध्याकाळभर खुशीत होते.

दरवाजा पार झाला म्हणून केक कापला. मग यंत्रावर पहिले तीनशे नग निघाले, ड्रॉइंगबरहुकूम, म्हणजे धारदार कडेचे. रीतीप्रमाणे तेही माझ्या यंत्रावर यायला हवे होते. पण तारीख मागे पडलेली. दरवाजेसाहेब म्हणाले, रचना तर पास झालीच आहे, आता फक्त रंग आणि वजन बघा. मी म्हटलं, निदान पाच नग तरी लावू द्या. ते म्हणाले, तीन आठवडे कुठून आणू? आणि मी गप्प बसले. मूग गिळून बसण्यात मीही काही कमी नाही. शिवाय भाऊजींच्या हातचे नग बघून माझाही आंधळा विश्वास बसला होता.

तीनशे नग दवाखान्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी वापरून बघायला दिले. पाचव्या आठवड्यात पहिली तक्रार आली. बाजू अचानक मिटली, आजोबा भिंतीला धरून कसेबसे वाचले. मग दुसरी आली. तिसऱ्या वेळी एक निवृत्त शिक्षिका न्हाणीघराच्या दाराशी पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

चौकशी बसली. सगळ्यात आधी कपाटातून ते बारा नमुने काढले. उघडले, मिटले, त्यांच्यावर माणसं उभी राहिली. बाराही ठणठणीत. म्हणजे रचना बरोबर. यंत्रावर प्रेसवाल्यांनी पाडलेली भोकं मोजली, ड्रॉइंगला धरून. म्हणजे तेही बरोबर. मग चुकलं कोण? वापरणारे. म्हातारी माणसं बाजू पुरती उघडत नाहीत, असा शेरा पडला. सूचनांचा कागद मोठ्या अक्षरांत छापायचं ठरलं, आणि कुणावर तरी खापर फोडायला हवं म्हणून ड्रॉइंगवालीला खुलाशाचं पत्र गेलं, की सूचना आधीच स्पष्ट का लिहिल्या नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी चौथा दरवाजा होता. तो पार झाला की वीस हजार नगांचं काम सुरू.

त्या आठवड्यात तक्रारीचा एक नग उघडून बघताना माझा डावा अंगठा कापला. भोकाच्या कडेनेच. रविवारी सकाळी घरी जाऊबाईंचा वॉकर पुसत होते. एका अंगठ्याला पट्टी, म्हणून दुसरा जपून त्याच जागेवरून फिरवला. काहीच लागलं नाही. पुन्हा फिरवला.  भाऊजी ओट्यापाशी उभे राहून चहा गाळत होते.

"भाऊजी, हे भोक तुम्ही घासलंत?"

"खुपत होतं."

"त्या बारांचं पण?"

मी काय विचारतेय ते आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. गाळणी त्यांच्या हातात तशीच राहिली आणि चहा ओट्यावर सांडत गेला.

मी तोंडाला येईल ते बोलले. थोरले दीर, ज्यांच्यामुळे माझ्या घरात चूल पेटती राहिली, त्यांना मी म्हटलं, तुमच्या त्या हाताचं कौतुक आता त्या मास्तरीणबाईंना जाऊन सांगा.  भाऊजी म्हणाले, मी नग चांगलेच केले होते गं, वाईट नव्हते केले. तेही खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. उद्या जाऊन सांगा म्हटलं, तर त्यांनी बोटांवर महिने मोजले. निवृत्तीला तीन राहिले होते. चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक चूक नव्हती. शेवटी खाली बघत म्हणाले, सही तुझीपण आहे त्या कागदावर. ते मला धमकावत नव्हते, काळजीनेच म्हणाले. माझी नोकरीची आठ वर्षं राहिली होती. आम्ही दोघंही मग त्या सोमवारची वाट बघत नुसते बसलो, आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

जाऊबाई आतून सगळं ऐकत होत्या. दोन दिवसांनी त्यांनी भाऊजींना जेवताना सुनावलं, की काय सांगायचं ते सांगा नाहीतर नका सांगू, पण त्या बाईंना निदान बघून तरी या. मी त्यांना घेऊन गेले.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा होती. शिक्षिका खिडकीपाशी खाटेवर पडल्या होत्या. खाट आमच्याच कारखान्याची निघाली, जुन्या घडणीची. आम्ही कंपनीतून आलोय म्हटल्यावर त्या उठायला बघायला लागल्या, जसा काही आम्हालाच त्रास झालाय. आधीच एक माणूस येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. त्याने एका कागदावर त्यांची सही नेली होती, की वॉकर पुरता उघडला गेला नव्हता.

"टक वाजलं होतं, मला पक्कं आठवतं," त्या म्हणाल्या. "पण माझंच काहीतरी चुकलं असणार. जन्मभर पोरांना ओरडले, नीट वाचा, मग लिहा. आणि स्वतः एवढा एक कागद नीट वाचला नाही."

भाऊजी खाटेच्या दांड्यावरून अंगठा फिरवत होते, सवयीने. तो थांबला. ते म्हणाले, "बाई, चूक तुमची नव्हती." मास्तरीणबाईंनी मग कुणाची म्हणून विचारलं नाही. जन्मभर पोरांना शिकवलेली बाई, बघत राहिली भाऊजींकडे. 

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी कारखान्यात गेले. मी पोचले तर त्यांच्या पुढ्यात ड्रॉइंग पसरलेलं आणि शिकंज्यात पट्टी. ते चौदावा नग बनवत होते, अगदी ड्रॉइंगबरहुकूम, आणि जमत नव्हतं त्यांना. भोक पाडून झालं की हात आपोआप खिशाकडे जायचा. दोन पट्ट्या अशाच फुकट गेल्या, नकळत घासल्या गेल्या. शेवटी ते माझ्या खोलीत आले आणि कानस माझ्या टेबलावर ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव. माझ्याजवळ असली तर मी मारीनच."

मी ती एप्रनच्या खिशात टाकली. संध्याकाळपर्यंत तो नग झाला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून बाहेर पडलेला पहिला वाईट नग. त्यांनी तो माझ्याकडे दिला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी चौथा दरवाजा माझ्याच खोलीत ठेवा, अशी मी विनंती केली, काहीतरी दाखवायचंय म्हणून. मालकीणबाई आल्या, दरवाजेसाहेब आले, ड्रॉइंगवालीला खुलाशासाठी बोलावलं होतं तीही आली, डोळे सुजलेले. भाऊजी धुतलेला शर्ट घालून कोपऱ्यात उभे. मी बारातला एक नग यंत्राच्या एका बाजूला लावला, चौदावा दुसऱ्या बाजूला, आणि खटका दाबला. आकडे पळायला लागले. दहा, वीस, चाळीस. दरवाजेसाहेबांनी घड्याळ बघितलं. त्रेसष्टाव्या फेरीला टक वाजलं, भार आला आणि चौदाव्याची बाजू एकदम मिटली. शंभर किलोचं वजन खाली आदळलं. शेजारचा नग आपला उघडतोय, मिटतोय. मी यंत्र बंद केलं.

"हा ड्रॉइंगप्रमाणे केलाय?" दरवाजेसाहेबांनी विचारलं. "मग ते बारा कसे टिकले?"

भाऊजी पुढे आले. "ते बारा मी बनवले होते, साहेब. ड्रॉइंगने नव्हते बनवले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन हात कानस, बाराही नगांना. सांगताना त्यांनी त्या जुन्या फॉर्मचं नावही काढलं नाही. मी काढणार होते, अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गिळलं. मी फक्त माझ्या वाटणीचं बोलले, की तीनशेतले पाच नग लावायचा हट्ट मी धरायला हवा होता. दरवाजेसाहेब खाली मान घालून म्हणाले, तो निर्णय माझा होता. एवढं तरी म्हणाले. 

ड्रॉइंगवाली आता भाऊजींचे आभार मानेल असं मला वाटलं होतं. तिच्यावरचं बालंट टळलं होतं ना. ती भाऊजींसमोर येऊन उभी राहिली.

"काका, एक फोन करायचात. दोन रेघा होत्या त्या. पाच मिनिटांत काढल्या असत्या मी."

भाऊजींनी हात जोडले. 

ड्रॉइंगवालीच्या त्या दोन रेघा त्याच दुपारी ड्रॉइंगवर चढल्या, सातही सह्या एका दिवसात झाल्या. वीस हजारांचं काम चार महिने पुढे गेलं. दरवाजेसाहेबांनी तक्त्यावर सहावा दरवाजा काढला, की पहिल्या नमुन्यांना हाताची कानस लागता कामा नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण ड्रॉइंगवालीने स्वतः होऊन एक केलं. दर गुरुवारी ती दोन तासांचा प्रवास करून नमुन्याच्या खोलीत येते, नग हातात घेते आणि विचारते, कुठे खुपतंय? नमुन्याच्या खोलीत आता भाऊजी नसतात. त्यांना उरलेले तीन महिने भांडारात बसवलं होतं. मला ताकीद मिळाली. निरोपसमारंभ झाला नाही. मास्तरीणबाईंची ती सही कंपनीने परत दिली आणि दवाखान्याचा खर्चही केला, पण त्या काही पुन्हा जिना उतरल्या नाहीत.

तीनशे वॉकर परत मागवले. दोनशे शहाऐंशी आले. चौदांचा पत्ता लागेना. कुणी घर बदललेलं, कुणी वारलं आणि घरच्यांनी वॉकर दुसऱ्या कुणाला देऊन टाकलेला. कंपनीने दोन पत्रं पाठवली, मग यादी बंद केली. भाऊजींनी ती यादी मागून घेतली. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी एका पिशवीत नवी पट्टी, नवी खीळ आणि पाना घेऊन निघतात. दवाखान्यांत विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात, दारं ठोठावतात. सापडला की तिथल्या तिथे पट्टी बदलतात. सुधारलेल्या ड्रॉइंगची पट्टी, तिला काही करावं लागत नाही. अंगठा तेवढा फिरवतात. आणि घरातल्या माणसाला सगळं सांगतात, की हा वॉकर चुकीचा होता, तो आमच्याकडून गेला होता, आणि चूक माझी होती. काही जण पाणी देतात, काही जण दार आपटतात.

कानस अजून माझ्या एप्रनच्या खिशात आहे. त्यांनी मागितली नाही. घरातली एक कडी हल्ली चिमटा काढते, आणि ते रोज तिच्याशेजारून जातात. मध्यंतरी मीच म्हटलं, भाऊजी, आता पुरे करा, गुडघे तुमचेही दुखायला लागलेत. ते पिशवी खांद्याला अडकवत होते. म्हणाले, "पाच झाले. नऊ राहिलेत. त्या नऊंवर आत्ता कुणीतरी टेकलेलं असेल."